मोकळी राहिलेली झील

आधी अक्का. त्यांचं नाव लिहायचं होतं, पण त्यांनीच बजावलंय, "नाव नको घालूस. मी काय मेले का, नाव छापून यायला?" म्हणून नुसतं अक्का. सोलापुरात माझं कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी घरात घेतलं, हे एक. आणि दुसरं, माझ्या मायचा हरवलेला आवाज त्यांच्यामुळे मला परत सापडला. तो ज्या दिवशी सापडला त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, की मी वेडी होणार. काय झालं ते पुढे सांगते, पण अक्कांचं आधी सांगितल्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही.

माझं गाव किनवटच्याही पलीकडे, पैनगंगेच्या अंगाला. शाळा सातवीपर्यंत होती, पुढची नदीपल्याड, म्हणून माझी शाळा सातवीत संपली. गावातली एक बाई सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात होती, तिच्या मागं मी आले. ती वर्षाच्या आत परत गेली, मी राहिले. माझं काम कांड्या भरायचं. माग चालताना धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरून द्यायची. अक्का आमच्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर टॉवेलच्या कडा शिवतात. घर तेलुगू बोलणारं, पिढ्यांपासून विणकरांचं. पहिल्या दिवशी मला बघून त्या शेजारणीला तेलुगूत म्हणाल्या, ही चिमणी काय पोतं उचलणार! आमच्या गावापासून तेलंगण जवळ. मला ती भाषा बोलता येत नाही, पण टोमणे सगळे कळतात. मी मराठीत म्हटलं, "उचलीन ना." अक्का इतक्या हसल्या की मशिनीवरचा पाय निघाला. पुढे ती गावची बाई गेली तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा नाही. माझी पिशवी उचलली आणि शहराच्या पूर्व भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत नेऊन ठेवली. "शेंगाची चटणी चालते का? मग र्‍हा की."

आता गाण्याचं.

आमच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी एक स्पीकर आहे. भिंतीपलीकडे माग. त्यांच्या धडधडीत स्पीकर काय ऐकू येणार असं नव्याला वाटतं, पण कान सवयीनं धडधड बाजूला सारतो आणि गाणं ऐकतो. बोलणं मात्र कानानं होत नाही. मागाजवळची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून ऐकतात. ओठ हलले की कळतं. मीही शिकले. आणि गाण्याची पाळी असते. आज हिची, उद्या तिची, जिची पाळी तिच्या फोनवरची गाणी. दुसरीनं नाक मुरडायचं, पण बंद करायचं नाही, असा रिवाज.

ज्या गाणाऱ्या बाईंबद्दल मी लिहितेय त्या इकडच्याच. आता पंच्याहत्तरीच्या पुढे असतील. जत्रेत, तमाशाच्या फडात, मग कॅसेटवर त्यांनी नांदण्या-सोसण्याची गाणी गायली. रडकी म्हणा, पण रडत न गायलेली. त्यांच्या मागं त्यांची धाकटी बहीण झील धरायची. गाणारी ओळ सोडते, तिथं मागची ती उचलून धरते, तिला झील म्हणतात. त्या बहिणीची झील एकच असायची. मोठी आपलं दुःख सांगायची आणि धाकटी म्हणायची, "व्हय गं बाई, व्हय."

आमच्या गावात कुणी व्हय म्हणत नाही. पण आमच्या घरी त्या बाईंची एक कॅसेट होती, कुणीतरी आठवडी बाजारातून आणलेली, आणि माय भाकरी थापताना ती लावायची. मायनं कधी गाणं म्हटलं नाही. बाई गायच्या, माय गप्प. झिलेची जागा आली की चुलीकडं तोंड करून म्हणायची, "व्हय गं बाई, व्हय." तेवढंच. मी सोलापुरात उतरले तेव्हा स्टँडवर, हॉटेलात, रिक्षात, जो तो व्हय व्हय म्हणत होता. मला वाटलं, हे सगळे आमच्या मायला ओळखतात.

माय गेली तेव्हा मी इथंच होते. भावाचा फोन आला. लातूर, नांदेड, मग पुढची गाडी. पोचले तेव्हा सगळं आटपलेलं होतं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. ऊन तसं होतं, कुणाला थांबता आलं नसतं. परत आले, कामाला लागले. काही महिन्यांनी एकदा कांडी बदलताना लक्षात आलं, की मला मायचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, हात आठवतात, बांगडीचा तडा गेलेला तुकडा आठवतो. आवाज नाही. फोनवर ती बोलायचीच नाही. "जेवलीस? बरं. ठेव." ते रेकॉर्ड करून ठेवावं असं कुणाला सुचतं? भावाला विचारलं, तुला आठवतो का. तो म्हणाला, हे काय विचारणं झालं. म्हणजे त्यालाही नव्हता आठवत.

मग त्या बाईंची नवी गाणी आली. फोनवर, आठ गाणी. बऱ्याच वर्षांनी गायल्या होत्या. आमच्या टेबलावरच्या सगळ्यांत धाकट्या पोरीच्या पाळीला ती लागली. तिनं चुकून लावली असं तीच म्हणते. तिला खोलीत सगळ्या धाकटीच म्हणतात.

आवाज पार फाटला होता. वरच्या जागी जाताना बाई थांबायच्या, श्वास घ्यायच्या, आणि जिथं पोचायचं तिथं न पोचता खालीच कुठंतरी बसून घ्यायच्या. आणि झील नव्हती. धाकटी बहीण मधल्या काळात वारली होती. बाईंनी दुसरं कुणी घेतलं नाही. ओळ सोडायच्या, ढोलकी नुसती चालत राहायची, झिलेएवढी जागा मोकळी जायची, मग पुढची ओळ.

हे आम्हाला लगेच कळलं नाही, आणि का कळलं नाही ते सांगते. आमच्या कामात आवाज थांबला म्हणजे धागा तुटला. मान वर करायच्या आधी हात उठतो. गाण्यात ती पहिली मोकळी जागा आली तशी स्पीकरजवळची बाई उठली आणि तिनं स्पीकरला एक चापट मारली. गाणं परत सुरू झालं. पुढची जागा आली, परत चापट, परत सुरू. सगळ्यांची खात्रीच पटली, की चापटीनं चालतो. कितीतरी दिवस हे चाललं. जिची पाळी तिनं स्पीकरजवळ बसायचं आणि चापट्या मारायच्या.

शेवटी मागांची दुरुस्ती करणारे जॉबर चाचा आत आले. थोडा वेळ बघत उभे राहिले. "कायकू मारते गे उसकू? मशीन अच्छी है. गानाच वैसा है."

"म्हंजे?" धाकटी म्हणाली. "गाणं मधीच बंद पडतंय?"

"बंद नै पड्या. रुकती है वो. उसकी भैन का जगा है वो."

मग काय, मतं सुरू झाली. धाकटी म्हणाली, "अगं पण मग दुसरी कोन घ्यायची की! एवढा आल्बम काढायला पैसे हायत, एक पोरगी मिळंना व्हय? आजी, घरी बसा, नातवंडं खेळवा." चाचा म्हणाले, "आवाज गया, ताल नै गया. सीख." आमचे मुकादम करमाळ्याकडचे. त्यांनी तरुणपणी कमळाभवानीच्या जत्रेत बाईंना समोर बसून ऐकलेलं. त्यांना राग आला होता, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटला. म्हणाले, "मी ऐकलंय की हिला. आवाज सुटला की मागच्या गाड्यांवर बसलेली माणसं खाली उतरायची. हे कशाला काढलं हिनं? आता जुनं आठवाय गेलो तर हेच फाटकं मधी येतंय. माझं जुनं बी नासलं." फोनवर गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं धाकटी वाचून दाखवायची. कुणी लिहिलेलं, डोळ्यांत पाणी आलं. कुणी लिहिलेलं, झोप आली. कुणी नुसते हात जोडलेले.

कुणीतरी अक्कांना विचारलं, "अक्का, तुमाला कसं वाटतंय?"

"चांगलं हाय," अक्का मोठ्यानं म्हणाल्या. त्या नेहमीच मोठ्यानं बोलतात, आमच्यात सगळेच. धाकटी म्हणाली, "यांना सगळंच चांगलं हाय," आणि सगळ्या हसल्या.

मला कुणी विचारलं नाही, ते बरं झालं. कारण माझं भलतंच चाललं होतं. गाण्यात ती जागा मोकळी झाली की पलीकडच्या मागांची धडधड भिंतीतून आत यायची. आणि त्या धडधडीच्या मागून, पाठमोऱ्या बाईनं चुलीकडं बघून म्हणावं तसं, मला ऐकू यायचं. व्हय गं बाई, व्हय. मायच. जाडसर, जरा बसलेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून बघितलं. मागं सुताची पोती होती.

मी माझी पाळी सोडून दुसऱ्यांच्याही पाळ्या मागून घ्यायला लागले. तेच गाणं. बायका वैतागल्या. मला पर्वा नव्हती, म्हणजे होती, पण जास्त भीती दुसरीच होती. घरी इअरफोन घालून तेच गाणं लावलं तर ती जागा नुसती मोकळी जायची. माय फक्त कारखान्यात यायची. एकदा दुपारी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले की कानात शीळ वाजते, तशी वाजली, आणि त्या शिळेच्या आत कुणीतरी श्वास घेतला. बोलायच्या आधी घेतात तसा. मग वीज आली आणि माग सुरू झाले. ती काय बोलणार होती? मी दिवसभर त्याचाच विचार करत बसले. जेवण कमी झालं. अक्का भाकरीवर तूप ओतायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, यांना कळलं तर पिशवी भरून गावाकडं पाठवतील. वेडी पोरगी कोण ठेवून घेतं?

आणि मग एका सकाळी धाकटीच्या पाळीला तेच गाणं लागलं. बाई गायल्या, श्वास घेतला, ओळ सोडली. मी कान लावला. आणि दोन तरुण पोरींचे गोड, घासूनपुसून काढल्यासारखे आवाज आले. व्हय गं बाई, व्हय.

"आलं बघा!" धाकटी ओरडली. "लोकांनी लई बोलल्यावर कंपनीनं दुरुस्त केलंय. नवीन टाकलंय."

"आत्ता कसं," स्पीकरजवळची म्हणाली. "भरल्यासारखं वाटतंय."

मुकादम म्हणाले, "हे पयल्यापास्नं करायचं."

मी जुनं शोधलं. माझ्या फोनवर, धाकटीच्या फोनवर. जुनं काढून टाकलेलं. आठही गाण्यांत जिथं जिथं जागा होती तिथं त्या दोघी बसल्या होत्या. बाईंच्या फाटक्या आवाजाशेजारी त्या इतक्या नीटनेटक्या होत्या, की बाई जास्तच म्हाताऱ्या वाटत होत्या. दुपारपर्यंत मी कांड्या भरल्या, त्या सगळ्या सैल. एक मागावर गेली आणि तिनं गोधडीएवढा गुंता केला. चाचा कांडी घेऊन आले, माझ्याकडं बघितलं, आणि परत गेले. माय दुसऱ्यांदा गेली होती, आणि यावेळी मला कुणाचा फोनसुद्धा आला नव्हता.

दुपारी वीज गेली. मी उठून सुताच्या खोलीत जाऊन पोत्यावर बसले. अक्का आल्या. दारात उभ्या राहिल्या. सगळं शांत असूनही नेहमीसारख्याच मोठ्यानं म्हणाल्या, "आज म्हटली न्हाईस?"

"काय?"

"रोज म्हणतेस ते."

"मी काही म्हणत नाही, अक्का."

"व्हय? मग तोंड कुणाचं हलतंय इतके दिस? मी समोरच बसते की तुझ्या. ती बाई थांबली की तू म्हणतेस. व्हय गं बाई, व्हय." त्यांनी माझी नक्कल केली. मान जराशी डावीकडं, ओठ अर्धे मिटलेले. माय तशी करायची. चुलीकडं बघून.

मी म्हटलं, मला माय ऐकू येते. म्हणजे यायची. आता नाही येत. त्या पोरींनी जागा घेतली. मी वेडी होतेय का?

अक्का माझ्या तोंडाकडं नीट बघत होत्या. मग जवळ आल्या, शेजारच्या पोत्यावर बसल्या. "म्हण."

"काय म्हणू?"

"जे म्हणतेस ते. आवाज काढून म्हण. मुक्यानं काय म्हणतीस? आता माग बी बंद हाय, सगळं बंद हाय. म्हण की."

मी नको नको म्हणत होते. खरं सांगते, मला भीती वाटत होती की काहीच निघणार नाही. अक्कांनी त्यांचा पंजा माझ्या गळ्यावर ठेवला, ताप बघावा तसा सपाट, आणि ओठांकडं डोळे लावले.

मी म्हटलं, "व्हय गं बाई, व्हय."

तो माझा आवाज नव्हता. माझा आवाज बारीक आहे. हा जाड होता, जरा बसलेला, शेवटच्या व्हयला थोडा खाली ओढणारा. माझ्या तोंडातून माय बोलली. मी तोंडावर हात धरला. अक्कांनी तो हात काढला. "परत." मी परत म्हटलं. परत तीच. इतके दिवस ती भिंतीतून येत नव्हती. माझ्याच गळ्यात होती, आणि मी तिला आवाज न देता नुसते ओठ हलवत होते.

दारात बायका जमल्या होत्या. माग बंद, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं होतं. चाचा मागून म्हणाले, "हाँ. येच. ये जगा खाली थी." धाकटी म्हणाली, "बाई गं, मला तर भ्याच वाटलं. परत नको म्हणूस असलं." मुकादमांनी विचारलं, "उद्या पाळी कुणाची हाय?" कुणीतरी माझं सांगितलं. "लाव तेच," ते म्हणाले. "पण आवाज कमी ठेव त्या पोरींचा." आता गाण्यातला निम्मा आवाज कसा कमी ठेवायचा? पण तसं त्यांना कुणी सांगितलं नाही.

वीज आली, सगळ्या गेल्या, तरी अक्कांचा हात माझ्या गळ्यावरच होता. त्यांनी विचारलं, "कसा हाय गं तुझ्या आईचा आवाज?"

मला वाटलं, मस्करी करतायत. "आत्ता ऐकलात ना?"

"बघितला," त्या म्हणाल्या. "हाताला बी लागला. ऐकला न्हाय."

त्यांनी मग साधेपणानं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मुलगी असल्यापासून मागाजवळ. उजवा कान कधीच गेला. डाव्यात थोडं आहे, आजूबाजूला काही नसलं आणि कुणी अगदी चिकटून बोललं तर. तो स्पीकर चालू आहे की बंद, हे त्यांना त्याच्या लाल दिव्यावरून कळतं. त्या आल्बमबद्दल सगळे इतके भांडले, आणि अक्कांनी त्यातली एक ओळ ऐकलेली नव्हती.

"मग चांगलं हाय म्हणालात ते?"

"तुझं तोंड बघून म्हटलं. गाणं चांगलं असल्याबिगर कोण असं तोंड हलवतंय?"

यालाही बरेच महिने झाले. भरलेलं गाणं अजून लागतं. झिलेची जागा आली की मी त्या दोन पोरींच्या वरून म्हणते, मोठ्यानं. कधी माय येते, कधी नुसता माझाच बारीक आवाज निघतो, आणि मग दिवसभर वाटत राहतं, की गेली का. संध्याकाळी एकदा म्हणून बघते. असते. पण दर वेळी म्हणायच्या आधी भीती वाटतेच. लोक अजून लिहितात त्या गाण्याखाली. कुणीतरी विचारलेलं, आधीचं कुठं गेलं, त्यातली शांतता बरी होती. त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही. मी रोज जाऊन बघते.

अक्कांना मी मायचा आवाज सांगायचा प्रयत्न केलाय. जाड, बसलेला, शेवटी ओढ. त्या मान हलवतात, पण तो काय सांगून कळतो? इथं त्यांच्या कानाशी म्हणायला जावं, तर कारखान्यात वीज गेली की बायकांचा कालवा सुरू होतो, आणि त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग आहेत. वीज गेली तरी गल्लीत कुणाची ना कुणाची मोटर चालूच. आणि डावा कानही कमी होतोय, ते माझ्या लक्षात येतं. पूर्वी दार वाजलेलं कळायचं, आता नाही कळत.

म्हणून हे इथं लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. अक्का, तुमचा तो कान मिटायच्या आत मी तुम्हाला आमच्या गावी नेणार. आमच्याकडं माग नाही, कारखाना नाही, दुपारी पैनगंगेकडून येणारा वारासुद्धा हलक्या पायानं येतो. आमच्या चुलीजवळ तुम्हाला बसवीन, डावी बाजू माझ्याकडं करून. आणि कानाला तोंड लावून एकदा म्हणेन. तुम्ही माझ्या ओठांकडं बघायचं नाही.